हलला तर फाऊल

धुतलेल्या कपड्यांची टोपली कमरेवर घेऊन मार्वा तळघरातून वर आली, तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात तिचे वडील उभे होते. दोन्ही पाय फाकवलेले, गुडघे किंचित वाकलेले, छातीवर हातांची घडी, आणि एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरलेलं. नजर समोर होती, पण कशावरच नव्हती.

"डॅडी, सरका ना जरा."

रॉस्को टॉलिव्हर सरकले नाहीत.

"टोपली जड आहे, डॅडी. उजवा पाय उचला. त्या पट्टीवरून पलीकडे. उचला बघू."

दारात जमिनीवर तिनेच पिवळी चिकटपट्टी लावली होती. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी ही युक्ती सांगितली होती. पार्किन्सनच्या माणसाचे पाय दारात अडकतात, खिळे ठोकल्यासारखे. समोर रेघ दिसली की ती ओलांडायला म्हणून पाय उचलला जातो. न्हाणीघराच्या दारात, झोपायच्या खोलीच्या दारात युक्ती चालली होती. या एका दारात मात्र रॉस्को रेघेपर्यंत येत, खाली बघत, तिच्या मागे पाय नीट जुळवून घेत आणि ठाम उभे राहत. जणू रेघ त्यासाठीच मारली होती.

मार्वाने टोपली डोक्यावर घेतली, पोट आत ओढलं आणि त्यांना धक्का लागणार नाही अशी अंग चोरून आत गेली. काचेच्या कपाटाशेजारून जावं तशी. मागे वळून पाहिलं तर ते तसेच उभे. तिने कपड्यांच्या घड्या घातल्या, घेवड्याचं सूप गरम केलं, वाडग्यात वाढलं, सूप निवलं. मग कधीतरी त्यांचे हात आपोआप सुटले आणि ते लहान लहान पावलं टाकत टेबलाशी आले.

"भूक लागली," ते म्हणाले. कुठे गेले होते आणि कुठून आले, याबद्दल काही नाही.

आई, ओडेसा, गेल्यानंतर मार्वा इंडियानापोलिसमधलं ग्रंथालय सोडून इथे, वॉबॅश नदीकाठच्या या गावात परत आली होती. गावच्या वाचनालयात अर्धा दिवस काम आणि उरलेला दिवस हे घर. पुस्तकांत वाचून या आजाराबद्दल कळण्यासारखं होतं तेवढं तिला कळलं होतं. या दाराबद्दल कुठल्याच पुस्तकात काही नव्हतं.

गावात रॉस्को टॉलिव्हरचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं, पण बास्केटबॉलच्या मैदानात ते नेमकं काय करायचे असं विचारलं की लोक अडखळत. उंच होता, म्हणत. भला माणूस, म्हणत. ग्रीनलीफ कॉलेजने छोट्या कॉलेजांची अजिंक्यपदाची स्पर्धा जिंकली त्या संघात होता, असंही म्हणत, आणि तेवढ्यात गोष्ट वेंडेल स्ट्रॉकवर जाई. वेंडेल मक्याच्या शेतकऱ्याचा गोरा, बुटका, विजेसारखा पोरगा. त्या वर्षी त्याने इतके गुण केले की त्याच्या शर्टाचा नंबर कॉलेजच्या जिमच्या छताला टांगला गेला, तो अजून टांगलेला आहे. रॉस्को ओतशाळेतल्या कामगाराचा काळा, लांबरुंद पोरगा. त्यांचा नंबर पुढे किती जणांनी घातला आणि घामाने भिजवला, त्याची गणती नाही.

कॉलेजनंतर दोन हिवाळे ते पैसे घेऊन खेळले, लुइव्हिलला, लाल-पांढऱ्या-निळ्या चेंडूने खेळणाऱ्या एका लीगमध्ये. बहुतेक वेळ बाकावर. संघाचा हुकमी नेमबाज मोकळा होत नसला की मैदानात. मग ती लीगच बुडाली. एक हिवाळा बेल्जियममध्ये काढला, तिथल्या समुद्रावरच्या वाऱ्याबद्दल ते आयुष्यभर तक्रार करत राहिले. मग गुडघा गेला, आणि ते गावी येऊन पावाच्या कंपनीची गाडी चालवू लागले. मार्वा जन्मली तेव्हा तो सगळा खेळ संपलेला होता. तिने त्यांना खेळताना कधी पाहिलं नाही. चित्रफीत कुठे उरली नव्हती, आणि असती तरी तीत कॅमेरा वेंडेलच्या मागे धावला असता.

लहानपणी तिने विचारलं होतं, "डॅडी, तुम्ही काय करायचात?"

"मी उभा राहायचो."

"नुसते?"

"नुसतं उभं राहणं म्हणजे काय ते सांगतो. मीठ दे इकडे." त्यांनी मिठाची बाटली घेतली, मिऱ्याची घेतली आणि न्याहारीच्या धिरड्यांवर ओतायची सिरपची मोठी बाटली मध्ये ठेवली. "हे मीठ म्हणजे वेंडेल. हे मिरं त्याच्या मागे लागलंय, त्याला बॉल टाकू देत नाही. मी सिरप. मी इथे येऊन उभा. मीठ माझ्या अगदी जवळून पळालं, आणि मिरं..." मिरं सिरपवर खाडकन आपटलं. "आता मीठ मोकळं. टाक म्हणावं बॉल."

"आणि सिरपला लागत नाही?"

"लागतं की."

"सांडलं तर पुसणार कोण?" आई ओट्याशी पाठ करून म्हणाली होती.

खेळाच्या कागदावर गुणांचा रकाना असतो, पासचा असतो, चुकांचासुद्धा असतो. असं आड उभं राहण्याचा नसतो. एवढं मार्वाच्या लक्षात राहिलं होतं, आणि सिरपची बाटली. बाटलीला हात नव्हते, पाय नव्हते.

जानेवारीत, बर्फ साचलेला असताना, वेंडेल स्ट्रॉक आला. हातात घरच्या डुकराची सॉसेजं, तोंडभर हसू. वर्षातून दोन-तीनदा तो असाच न कळवता येई.

"काय रे खांब्या, अजून उभाच का?"

"तू अजून पळतोयस का?" रॉस्को खुर्चीतून म्हणाले. त्या दिवशी त्यांची वेळ बरी होती.

"पळतो कसला! कमरेत लोखंड बसवलंय. विमानतळावर नुसता आत शिरलो की शिट्ट्या वाजायला लागतात."

"कॉलेजात पण वाजायच्या. मुलींच्या."

"त्या तुझ्यासाठी होत्या, गाढवा. मला बुटक्याला कोण विचारतंय!"

दोघं बराच वेळ हसत राहिले. रॉस्कोंचं हसू आता चेहऱ्यावर फारसं उमटत नसे. खांदे हलत, त्यावरून ओळखायचं. मग वेंडेलने आल्याचं कारण सांगितलं. त्या संघाला पन्नास वर्षं झाली. फेब्रुवारीत, शनिवारच्या सामन्याच्या मध्यंतरात उरलेल्या सगळ्यांना बोलावलंय. एकेकाचं नाव पुकारणार, एकेकाने कोपऱ्यातून निघून मैदानाच्या मधल्या गोलापर्यंत चालत जायचं. बस, एवढंच.

मार्वा त्याला पोचवायला बाहेर आली आणि दार ओढून घेतलं.

"वेंडेलकाका, ते मध्येच अडकतील हो. घरातल्या दारात अडकतात. तिथे भरल्या जिमसमोर..."

"अडकला तर अडकला."

"तुम्हाला सोपं आहे म्हणायला. अडकले की ते कसे दिसतात ते तुम्ही पाहिलं नाहीये."

वेंडेलने टोपी डोक्यावर बसवली. "पोरी, तो कसा दिसतो ते मी तू जन्मायच्या आधीपासून बघतोय," तो म्हणाला, आणि बर्फावरून जपून, कंबर सांभाळत गाडीकडे गेला.

सोहळ्याची व्यवस्था बघणाऱ्या कॉलेजच्या बाईंनी फोनवर चाकांच्या खुर्चीची तयारी दाखवली. मार्वाने हो म्हणून टाकलं. रविवारी चर्च सुटल्यावर लुएला आत्या नेहमीप्रमाणे जेवायला आली. रॉस्कोंची थोरली बहीण, आई लवकर गेल्यावर त्यांना वाढवलं ते हिनेच. तळलेला मासा, शिजवलेली पालेभाजी, मक्याचा पाव, सगळं टेबलावर मांडून झालं आणि मार्वाने खुर्चीचं सांगितलं.

रॉस्कोंनी काटा खाली ठेवला. तो ठेवायलाही त्यांना वेळ लागला.

"त्या जमिनीवर मी चाकांवरून जाणार नाही."

"बरं. मग मी हात धरून नेते."

"हात पण नको."

"डॅडी..."

"मार्वा." आवाज आता बारीक झाला होता, पण शब्द स्वच्छ होते. "मी त्या जमिनीवर किती वेळा पडलोय! माझं मी उठलोय. चालत जाईन, चालत येईन. तू बाजूला बसायचं आणि बघायचं. मध्ये यायचं नाही. कबूल कर."

"आणि पडलात तर?"

"पडलो तर पडलो. उभा असलो तर यायचं नाही."

"अगं, कबूल काय करतेस!" लुएला आत्या पुढे झुकली. "चारचौघांत हसं होईल माझ्या भावाचं. अरे रॉस्को, बाहत्तराव्या वर्षी कुणाला दाखवायचंय तुला? ओडेसा असती तर तिने पायच बांधून ठेवले असते तुझे."

"ओडेसा असती," रॉस्को म्हणाले, "तर तिने नवा ड्रेस घेतला असता."

आत्या पालेभाजी वाढू लागली. खरंच घेतला असता.

मार्वाने कबूल केलं. केल्या क्षणापासून तिला पश्चात्ताप होऊ लागला, पण शब्द गेला होता. पुढचे सगळे दिवस ती त्यांना बैठकीच्या खोलीत चालवत राहिली. सोफ्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून सोफ्यापर्यंत. मोकळ्या जागेत ते बरे चालत. स्वयंपाकघराच्या दाराशी आले की पट्टीमागे पाय लावून थांबत, आणि ती म्हणे, "सरका, डॅडी. हला ना. हला." कधी प्रेमाने, कधी कंटाळून, एकदा ओरडून. ओरडली त्या दिवशी त्यांनी मनगट आणखी घट्ट धरलं, एवढंच झालं.

शनिवारी दुपारी जिम भरलं होतं. पॉपकॉर्नचा वास, बँडचे ढोल, लाकडी बाकांची करकर. लुएला आत्या चर्चची जांभळी टोपी घालून पहिल्या रांगेत बसली होती, चेहरा असा की जणू कुणाच्या खटल्याला आली आहे. मार्वा तिच्या शेजारी, मैदानाच्या कडेच्या रेघेपासून हातभर अंतरावर. तिने नवा ड्रेस घेतला होता.

मध्यंतर झालं. कोपऱ्यात म्हातारे जमले, कुणाच्या हातात काठी, कुणाचं पोट पुढे, कुणी कान पुढे करून "काय म्हणाला? माझं नाव घेतलं का?" विचारतोय. सगळ्यांच्या अंगात कॉलेजने दिलेले हिरवे शर्ट, सदऱ्यांवरून चढवलेले. आडनावांच्या क्रमाने नावं पुकारली जात होती. वेंडेल स्ट्रॉकचं नाव आलं तेव्हा छत हललं. तो एका बाजूला झुकत, हात हलवत गेला आणि मधल्या गोलात उभा राहिला.

"आणि शेवटी, रॉस्को टॉलिव्हर!"

रॉस्को निघाले. पाठ वाकलेली होती, तरी इतरांहून डोकंभर उंच. लहान पावलं, मग जरा मोठी. लोक टाळ्या वाजवत होते. मार्वाने श्वास धरून ठेवला होता, तो सोडला. चाललेत. छान चाललेत.

मग ते वळले. मधल्या गोलाकडे जाण्याऐवजी ते बास्केटच्या बाजूला झुकत गेले, आणि जमिनीवर रंगवलेल्या चौकोनाचा कोपरा आला तिथे थांबले. खाली पाहिलं. रेघेमागे पाय लावले, फाकवले. गुडघे वाकवले. हात छातीवर घेतले, मनगट धरलं.

टाळ्या चालू राहिल्या, मग विरळ झाल्या, मग थांबल्या. निवेदकाने घसा खाकरला. "मिस्टर टॉलिव्हर," तो म्हणाला, "इकडे, सर." कुणीतरी पोरगी हसली आणि तिला कुणीतरी गप्प केलं. एवढ्या मोठ्या जिममध्ये फक्त छताच्या पंख्यांचा आवाज उरला.

तेच दार, मार्वाच्या मनात आलं. तेच दार, आणि आता सगळं गाव बघतंय.

"जा ना गं!" लुएला आत्याने तिच्या दंडाला धरून हलवलं. "बसलीस काय? माझा भाऊ तिथे एकटा उभा आहे!"

मार्वा उठली. तिच्या बुटाचं टोक कडेच्या रेघेला लागलं. उभा असलो तर यायचं नाही. ते उभे होते. पडलेले नव्हते, हलत नव्हते, मदत मागत नव्हते. तिच्या तोंडात "डॅडी, सरका" हे शब्द सवयीने आले आणि तिने ओठ मिटले. तिने आयुष्यात इतकं अवघड काही केलं नसेल. ती रेघेवर उभी राहिली आणि पुढचं पाऊल टाकलं नाही.

मधल्या गोलात वेंडेल मान तिरकी करून रॉस्कोंकडे बघत होता. मग तो हसू लागला. हळू नाही, मोठ्याने, मांडीवर हात मारून.

"अरे, हा तर माझ्यासाठी थांबलाय!" तो आजूबाजूच्यांना म्हणाला. "पन्नास वर्षं झाली, आणि हा अजून माझ्यासाठी थांबलाय. ए पंच! बॉल दे इकडे."

पंचाने गोंधळून चेंडू त्याच्याकडे फेकला. वेंडेलने तो जमिनीवर आपटला, एकदा निसटला, परत पकडला.

"धरून ठेव रे खांब्या!" तो ओरडला. "आलोच!"

तो आला. धावत म्हणायचं तर धावत, नाहीतर लंगडत. चेंडू थप थप करत, लोखंडाची कंबर सांभाळत तो मोठा वळसा घेऊन आला आणि रॉस्कोंच्या इतक्या जवळून गेला की दोघांचे हिरवे शर्ट एकमेकांना घासले. खांद्याला खांदा. मधून कागद गेला नसता. पलीकडे गेल्यावर तो थांबला, दोन्ही पाय जुळवले आणि चेंडू टाकला. चेंडू रिंगपर्यंत पोचलासुद्धा नाही. जाळीच्या खालून गेला आणि ढोल वाजवणाऱ्याच्या मांडीत पडला.

जिम हसलं. वेंडेलने तिकडे पाहिलंही नाही. तो वळला आणि हात लांब करून रॉस्कोंकडे बोट दाखवलं. ते बोट त्याने खाली घेतलं नाही. मग मधल्या गोलातल्या म्हाताऱ्यांनी, एकाने, दुसऱ्याने, कान पुढे करणाऱ्यानेसुद्धा, हात उचलले, आणि सगळी बोटं रॉस्कोंकडे वळली.  त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

रॉस्कोंनी मनगट सोडलं. हात खाली आले. ते वळले आणि मधल्या गोलाकडे चालू लागले, न अडखळता, काम संपवून घरी निघालेल्या माणसासारखे.

लुएला आत्या टोपी सावरत रडत होती. "काय झालं?" ती विचारत होती. "काय केलं त्यांनी? मला कुणी सांगेल का?"

सांगितलं वेंडेलने, नंतर, बाहेरच्या बोळात, दुसऱ्याच्या पिशवीतले पॉपकॉर्न खात.

"अगं, तो अडकला नव्हता. म्हणजे अडकलाही असेल, मला काय माहीत. पण आड धरून उभा होता. आड धरलेल्याने हलायचं नसतं. तो हलला तर फाऊल. त्याच्या जवळून आपला माणूस जाईपर्यंत कितीही धडका बसोत, जागा सोडायची नाही. आपला माणूस गेला की सुटला. तेव्हा मोकळा."

मार्वाने विचारलं, "आणि ते बोट?"

"ते कोच हार्टसेलचं. खडूस म्हातारा. गुण ज्याने केले त्याने, ज्याच्यामुळे झाले त्याच्याकडे बोट दाखवायचं. विसरलं की दुसऱ्या दिवशी जिन्यावरून पळायला लावायचा. बॉल गेला की नाही, याच्याशी संबंध नाही." त्याने पिशवीच्या तळातले दाणे चाचपले. "माझा नंबर टांगलाय ना वर, त्यातले निम्मे बॉल तुझ्या बापाच्या खांद्याला घासून गेलेत. पण हा हलत नाही म्हणून घाबरलीस होय तू?"

 घरातल्या दारात मार्वा वडिलांसमोर उभी राहून म्हणत आली होती: सरका, हला ना, हला. आणि जाताना त्यांना शिवायचंही नाही म्हणून अंग चोरत आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चर्चला जायच्या आधी, ती कपड्यांची टोपली घेऊन वर आली. ते दारात होते. पट्टीमागे पाय, छातीवर हात.

ती "सरका" म्हणाली नाही. टोपली डाव्या कमरेवर घेतली, दोन पावलं मागे गेली, आणि त्यांच्या अंगाला लागून, उजवा खांदा त्यांच्या दंडाला घासत आत शिरली. आत जाऊन वळली. जरा लाजत तिने एक बोट वर केलं आणि त्यांच्याकडे दाखवलं.

रॉस्कोंचे हात सुटले. नजर तिच्यावर आली, आणि बराच वेळ तिच्यावर राहिली.

"फट राहिली," ते म्हणाले.

"काय?"

"मध्ये फट राहिली. मिरं आत घुसेल. खांदा लाव, पोरी. घाबरतेस कशाला, मी मोडत नाही."

तिने टोपली घेतली, परत बाहेर गेली, परत आली.

"अजून आहे," ते म्हणाले. "पण बरी आहेस वेंडेलपेक्षा. तो पहिल्या वर्षी माझ्या पायावर पाय देऊन जायचा."

न्याहारीला बसल्यावर तिने विचारलं. इतके दिवस विचारायचं राहून गेलं होतं. "डॅडी, पाय अडकतात म्हणून तिथे उभे राहता, की मुद्दाम?"

त्यांनी सिरपची बाटली दोन्ही हातांनी धरली होती. एका हाताने ती थरथरे. उत्तर यायला इतका वेळ लागला की तिला वाटलं प्रश्न हरवला.

"अडकतात," ते म्हणाले. "ते काही माझ्या हातात नाही. मग मी आड धरतो. अडकलेला माणूस वेड्यासारखा दिसतो ना. आड धरलेला..." शब्द सापडेना. "आड धरलेला कामावर असतो."

त्यानंतरचे महिने घरात तेच चाललं. मार्वा दिवसातून कितीदा तरी त्या दारातून जाई, कधी टोपली घेऊन, कधी वाडगे घेऊन, कधी काहीही कारण नसताना. खांदा लागला की ते सुटत आणि चालू लागत. व्यायामाच्या बाईंना तिने दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, हे कशाने होतं ते सांगता येणार नाही, पण चालू ठेवा. लुएला आत्या रुंद होती. "मला खांदा लावायची गरजच नाही," ती म्हणे, "मी नुसती आले तरी सगळं घासतं." आणि ती दारातून धडकत जाई. बोट दाखवायचं ती कायम विसरे, आणि रॉस्को मागून म्हणत, "ताई, जिने चढायला लावीन." मे महिन्यात वेंडेल आला, तर तो उगाचच स्वयंपाकघरात पाच वेळा पाणी प्यायला गेला.

उन्हाळ्याच्या शेवटी ते दारापर्यंत येईनासे झाले. मग पलंगावरून उठेनासे. सप्टेंबरात, शेतात मका वाळत असताना, एका सकाळी ते गेले. मार्वा त्यांच्या पलंगाच्या कडेला, खांद्याला खांदा लावून बसलेली होती.

अंत्यविधी बेथेल चर्चमध्ये झाला आणि जेवण घरी. घर माणसांनी भरून गेलं. ग्रीनलीफचे म्हातारे हिरवे शर्ट सुटाच्या आत घालून आले होते. कॉलर दिसत होत्या. बायका झाकलेली भांडी घेऊन येत होत्या, मांडत होत्या, एकमेकींच्या पाककृतींना नावं ठेवत होत्या. लुएला आत्या दारात वाकून जमिनीकडे बघत होती.

"ही पट्टी काढून टाकते गं. कुणी अडखळून पडेल. आता काय उपयोग हिचा?"

"राहू दे, आत्या."

"घाण दिसते. मधोमध झिजलीये बघ."

"राहू दे."

आत्याने तिच्याकडे पाहिलं आणि कंबर सरळ केली. मग हातातलं पीचच्या गोड पदार्थाचं भांडं घेऊन ती आत गेली, आणि जाताना एका अंगाला झाली, उजवीकडे भरपूर जागा सोडून. तिच्या लक्षातही आलं नाही. बैठकीच्या खोलीतून वेंडेलने ते पाहिलं आणि तो खिडकीबाहेर बघू लागला.

पाहुणे गेले. भांडी ज्याची त्याला गेली. संध्याकाळचं ऊन ओट्यावर होतं तेव्हा मार्वा टेबलांवरच्या चादरी धुवून, वाळवून, टोपली भरून तळघरातून वर आली. दार मोकळं होतं. एवढं रुंद दार आहे हे, तिला वाटलं, आणि आम्ही दोघं त्यात कशी अडकत होतो!

तिने टोपली डाव्या कमरेवर घेतली. मधून सरळ जाता आलं असतं. ती उजवीकडे झुकली, आणि तिचा खांदा चौकटीच्या लाकडाला, वरपासून खालपर्यंत गुळगुळीत झालेल्या त्या कडेला, घट्ट घासून गेला. फट राहिली नव्हती.

आत गेल्यावर ती वळली आणि बोट वर केलं. मग टेबलाशी बसून तिने चादरींच्या घड्या घातल्या.